उपेक्षा, समता आणि गार पडलेले मन

मैत्रेयी_धरमपेठ

'शांतमन' यांनी परवा लिहिलेले टिपण मी तीनदा वाचले आणि तिन्ही वेळा अस्वस्थ झाले, म्हणून हा स्वतंत्र धागा. ज्यांनी ते वाचले नसेल त्यांच्यासाठी त्याचा आशय असा : समता, समत्व, शांती, संयम, तटस्थता आणि उपेक्षा हे एकाच अवस्थेचे सहा शब्द आहेत, दीड वर्षाच्या साधनेनंतर ती अवस्था त्यांना लाभली आहे, आणि पुरावा म्हणून ते सांगतात की शेजारच्या घरातली वृद्ध आई वारली तेव्हा ते तिथे दोन तास बसून आले आणि त्यांच्या मनात काहीही हलले नाही. शेवटी त्यांनी असेही म्हटले आहे की नागपुरातल्या २०२३ च्या पुराच्या तक्रारी घेऊन अजून कार्यालयांचे उंबरठे झिजवणाऱ्यांनी थोडी समता अंगी बाणवली तर त्यांचाच त्रास कमी होईल.

मी चौतीस वर्षे मराठी शिकवले. एका शब्दाच्या जागी दुसरा शब्द बसवला की आधी अर्थ जातो आणि मागून वागणे बदलते, हे मी वर्गात आणि घरात दोन्हीकडे पाहिले आहे. संयम म्हणजे लगाम, आणि लगाम तिथेच लागतो जिथे घोडा ओढत असतो. ज्याच्या मनात काही उसळलेच नाही त्याने संयम पाळला असे म्हणता येत नाही. शांतीच्या मुळाशी शमणे आहे, म्हणजे आधी काहीतरी पेटलेले असले पाहिजे. तटस्थ हा काठावर उभा असलेला माणूस आहे, आणि काठावर उभे राहण्याची मुभा सगळ्यांना नसते. समत्व या सगळ्यांहून वेगळे आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात 'समत्वं योग उच्यते' असे म्हटले आहे, पण त्याच श्लोकाची सुरुवात 'योगस्थः कुरु कर्माणि' अशी आहे. कर्म करणाऱ्याला दिलेला तो सल्ला आहे. काही न करता दोन तास बसणाऱ्याला दिलेले ते प्रशस्तिपत्र नाही. त्याच अध्यायात स्थितप्रज्ञाचे लक्षण 'दुःखेष्वनुद्विग्नमनाः' असे सांगितले आहे. दुःखात ज्याचे मन बिचकत नाही तो. दुःख आलेलेच नाही असा त्याचा अर्थ कोणत्याही व्याकरणाने निघत नाही.

माझे वडील गेले तेव्हा माझी आत्या दिवसभर रडत होती. रडता रडताच ती शेजारून आलेले पिठले-भात कोणाच्या ताटात पडले आणि कोण उपाशी राहिले ते पाहत होती, मधुमेह असलेल्या काकांना वेळेवर गोळी देत होती, आणि गावाकडून येणाऱ्यांना गाडी किती वाजता मिळेल ते विचारत होती. तिचा पदर ओला होता आणि तिचे एकही काम चुकले नाही. मला समत्व हा शब्द आठवला की ती आठवते. 'शांतमन' यांनी जे वर्णन केले आहे त्याला मराठीत शब्द आहेत, आणि ते मुळीच गौरवाचे नाहीत : मख्खपणा, कोडगेपणा, निर्ढावलेपणा.

शांतमन

उत्तर लिहिण्यापूर्वी मी एक दिवस थांबलो. मैत्रेयीताईंचे शब्दज्ञान माझ्याहून मोठे आहे हे मान्य करतो, परंतु मला कोडगा म्हणण्याआधी त्यांनी मी कुठून आलो आहे हे विचारायला हवे होते.

मी रागीट माणूस होतो. दुकानातल्या पोरांवर ओरडायचो, व्हरायटी चौकात सिग्नलला कोणी मागून भोंगा वाजवला तर गाडीतून उतरून त्याच्याशी भांडायचो, आणि चार वर्षांपूर्वी मी माझ्या अकरा वर्षांच्या मुलावर हात उचलला. फार जोरात मारले. त्याच्या कानाजवळ वळ उठला होता आणि तो तीन दिवस माझ्या समोर आला नाही. त्यानंतर मी दहा दिवसांच्या शिबिराला गेलो, आणि आता दीड वर्ष रोज पहाटे बसतो. श्वास येतो, जातो. संवेदना उठते, जाते. तिच्यावर प्रतिक्रिया द्यायची नाही, एवढेच मी शिकलो. तिथे याला समता म्हणतात. ज्याचे मन पंचवीस वर्षे उकळत होते त्याला न हलणारे मन म्हणजे काय हे ठाऊक असते. शब्दकोशातून ते कळत नाही.

माझ्या शेजाऱ्यांच्या आईंबद्दल मला आदर होता. मी तिथे गेलो, बसलो, कोणाला त्रास दिला नाही. तिथे रडलो असतो तर त्या घराचे काय भले झाले असते?

पाली_वाचक_इंदोरा

दोघांनीही ज्या शब्दाला जाता जाता स्पर्श केला आणि सोडून दिले त्या 'उपेक्षे'बद्दल मला लिहायचे आहे, कारण या नागपुरात तरी तो शब्द इतक्या सहज सोडून देता येत नाही.

पालीत तो 'उपेक्खा' असा आहे. 'उप' म्हणजे जवळ आणि 'ईक्ष्' म्हणजे पाहणे. मेत्ता, करुणा, मुदिता आणि उपेक्खा या चार ब्रह्मविहारांतला, म्हणजे मनाच्या चार श्रेष्ठ अवस्थांतला, तो चौथा आहे, म्हणजे मैत्री, करुणा आणि दुसऱ्याच्या सुखाने होणारा आनंद यांच्या मांडीला मांडी लावून बसलेला आहे. ज्याच्या मनात पहिले तीन नाहीत त्याला चौथा मिळाला असे म्हणण्याला परंपरेत आधार नाही. दहा पारमितांमध्येही, म्हणजे पूर्णत्वाला न्यायच्या दहा गुणांमध्येही, उपेक्खा दहावी आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर ज्या बावीस प्रतिज्ञा घेतल्या गेल्या त्यांतली बारावी दहा पारमिता पाळण्याची आहे. माझे आजोबा त्या दिवशी त्या मैदानात उभे होते. म्हणजे या शहरात लाखो लोकांनी उभे राहून, मोठ्याने, उपेक्खा पाळण्याचे वचन दिले. ते दुर्लक्ष करण्याचे वचन होते काय?

१९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी उपेक्खेची व्याख्या करताना ती बेफिकिरीहून वेगळी आहे हे पहिल्याच वाक्यात स्पष्ट केले. फळाने विचलित न होणे, आणि तरीही ते मिळवण्यासाठी झटत राहणे, असा त्या व्याख्येचा आशय आहे. 'झटत राहणे' हा अर्धा भाग गाळला की उरते ती उपेक्खा नव्हे.

पाचव्या शतकात पाली भाष्यकार बुद्धघोषांनी विशुद्धिमग्ग या ग्रंथात प्रत्येक ब्रह्मविहाराचा एक दूरचा आणि एक जवळचा शत्रू सांगितला आहे. उपेक्खेचे दूरचे शत्रू राग आणि पटिघ, म्हणजे आसक्ती आणि चीड. ते ओळखू येतात. जवळचा शत्रू अञ्ञाणुपेक्खा, म्हणजे न कळल्यामुळे आलेले न हलणे. तो जवळचा का, तर बाहेरून दोन्ही अगदी सारखे दिसतात. 'शांतमन' यांनी दूरच्या शत्रूशी झुंज दिली आणि ती जिंकली, याबद्दल माझ्या मनात खरा आदर आहे. जवळच्या शत्रूची त्यांना ओळख करून दिली गेली होती काय, एवढेच मला विचारायचे आहे.

मैत्रेयीताईंना एक सांगतो. समत्वाचा विषय निघाला की मराठी प्राध्यापकांना गीता आठवते, आणि आपल्याच शहराच्या मध्यभागी उभा असलेला स्तूप आठवत नाही. हे मला नवीन नाही. तरीही नोंदवून ठेवतो.

जुना_महालकर

मी साडेतीन दशके सरकारी नोकरीत मसुदे लिहिले आणि दुरुस्त केले. त्या अनुभवातून सांगतो की शब्दाचा अर्थ त्याच्या जन्मदाखल्यावरून ठरत नाही, तो बोलणारा माणूस ठरवतो. 'उपेक्षित गावे', 'उपेक्षित कलावंत', 'विदर्भाची उपेक्षा' असे आपण रोज वाचतो, आणि एकाही मराठी वाचकाला तिथे जवळून पाहणे आठवत नाही. शिवाय हा अर्थ मराठीने बिघडवला असेही नाही. संस्कृत नीतिशास्त्रात साम, दान, भेद, दंड यांच्यापुढे माया, उपेक्षा आणि इंद्रजाल असे आणखी तीन उपाय मोजले जातात, आणि तिथे उपेक्षा म्हणजे जाणूनबुजून लक्ष न देणे हाच अर्थ आहे. तेव्हा 'पाली_वाचक' यांनी पालीचा अर्थ पालीत जपावा. मराठीत तो शब्द परत आणता येणार नाही.

हेच 'उदास' या शब्दाचे झाले. तुकोबा सांगतात, 'जोडोनियां धन उत्तम वेव्हारें । उदास विचारें वेच करी', आणि तिथे उदास म्हणजे अलिप्त, न गुंतलेला. गीतेच्या बाराव्या अध्यायात भक्ताचे लक्षण म्हणून 'उदासीन' शब्द येतो. आज नातीला ती ओळ वाचून दाखवली तर ती विचारते की पैसे खर्च करताना दुःखी का व्हायचे. आपण नातीला दुरुस्त करतो, भाषेला करू शकत नाही.

म्हणून माझी सूचना अशी, की या अवस्थेसाठी 'तटस्थता' हा शब्द वापरावा. तो स्वच्छ आहे आणि सर्वांना कळतो.

अंबाझरी_काठ

तटस्थता हा शब्द स्वच्छ आहे असे लिहिणाऱ्या महालकरकाकांना मी २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट सांगते, कारण मूळ टिपणात ज्यांना समता शिकण्याचा उपदेश केला आहे त्यांतली मी एक आहे.

रात्रभर पाऊस कोसळत होता. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी फुगली, आणि आमच्या वस्तीत पाणी आले तेव्हा सगळे झोपेत होते. मला जाग आली ती स्वयंपाकघरातले स्टीलचे डबे एकमेकांवर आपटण्याच्या आवाजाने. पाय खाली टाकला तर पोटरीपर्यंत पाणी. सासूबाईंना चालता येत नव्हते. त्यांना आम्ही दोघांनी जेवणाच्या टेबलावर बसवले, आणि नंतर टेबलच तरंगू लागले तेव्हा शेजारच्यांच्या गच्चीवर नेले. मी त्या वेळी घाबरले नाही, ओरडले नाही, रडले नाही. औषधांची पिशवी, गॅसचा खटका, विजेचे मुख्य बटण, मुलीचा चष्मा, एवढेच डोक्यात होते. त्याला जे काही नाव द्यायचे ते द्या. रडू आले ते चौथ्या दिवशी, चिखलाने भरलेली कपाटे उघडली तेव्हा.

नंतर नुकसानीच्या पंचनाम्यासाठी मी एका कार्यालयात नऊ वेळा गेले. आधी आमच्या घराचा पंचनामा झालाच नाही, मग झाला तर त्यात घरात शिरलेल्या पाण्याची उंची चुकीची लिहिली गेली. ती दुरुस्त करून घ्यायला गेले असता टेबलामागच्या गृहस्थांनी हसतमुखाने सांगितले, 'मॅडम, शांत राहा, तुम्ही फार भावनिक होत आहात.' त्यांचा आवाज अजिबात चढला नव्हता. ते पूर्ण तटस्थ होते. तट त्यांच्याकडे होता, पाणी आमच्याकडे होते.

जुना_महालकर

आपल्यावर जे ओढवले त्याबद्दल मला वाईट वाटते, पण हा शब्दांचा धागा आहे, नुकसानभरपाईचा नाही. टेबलामागच्या माणसाचीही एक बाजू असते. मी त्या खुर्चीवर बसलो आहे. दिवसाला साठ-सत्तर माणसे येतात, प्रत्येकाचे दुःख खरे असते, आणि प्रत्येकाबरोबर तुटून पडले तर सातव्या माणसाचा कागद हातातून खाली पडतो. तिथे बसणाऱ्याने मन थोडे गार ठेवले नाही तर त्याचाच बळी जातो. त्याने आपल्याला शांत राहायला सांगितले म्हणजे अपमान केला असे समजण्याचे कारण नाही.

अंबाझरी_काठ

काका, त्या गृहस्थांनी सातव्या माणसाचा कागद हातातून पडू नये म्हणून मन गार ठेवले असते तर माझ्या कागदावर पाण्याची उंची बरोबर लिहिली गेली असती. मन गार ठेवण्याची किंमत आम्ही मोजली, आणि त्याचे पुण्य त्यांच्या खात्यावर जमा झाले. आपण न भेटलेल्या माणसाची बाजू मांडलीत, आणि ज्या बाईशी बोलत आहात तिला मात्र धाग्याबाहेर काढलेत. हेच मला त्या कार्यालयातही सांगण्यात आले होते, की हा विषय या टेबलाचा नाही.

भूलतज्ज्ञ

या दोघांच्या मध्ये पडण्याचा अधिकार मला थोडा आहे असे वाटते, कारण माझा व्यवसायच माणसाला बधिर करण्याचा आहे, आणि तो करताना मी स्वतः बधिर होऊन चालत नाही.

१८८९ साली विल्यम ऑस्लर यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचा निरोप घेताना तरुण डॉक्टरांपुढे केलेल्या भाषणाचे नाव 'एक्वानिमितास' होते. लॅटिनमधला तो शब्द फोडला तर सम आणि मन असेच दोन तुकडे पडतात, म्हणजे आपल्या समचित्ताचा तो सख्खा भाऊ आहे. रोमन सम्राट अँटोनायनस पायस याने मरताना पहारेकऱ्यांना दिलेला परवलीचा शब्द हाच होता, असे सांगितले जाते. ऑस्लर यांनी त्या भाषणात दोन गुण वेगळे केले. एक बाहेरचा, म्हणजे संकटात चेहरा आणि हात न हलणे, आणि दुसरा आतला. बाहेरच्या गुणासाठी थोडी असंवेदनशीलता डॉक्टरला आवश्यकच आहे असे त्यांनी स्वच्छ सांगितले, पण लगोलग ताकीदही दिली की ती जोपासताना हृदय टणक होऊ देऊ नका.

ही ताकीद किती कठीण आहे ते सांगते. सिझेरियन चालू असताना एकदा रक्तदाब एकाएकी उतरू लागला. यंत्राचा आवाज बदलला, शल्यचिकित्सकांनी माझ्याकडे पाहिले, आणि मी रोजच्याच आवाजात परिचारिकेला औषध, मात्रा आणि सलाइनचा वेग सांगितला. त्या आवाजामुळे खोलीतल्या पाच माणसांचे हात स्थिर राहिले. बाई वाचली, बाळ वाचले. बाहेर आल्यावर नवऱ्याला मी त्याच आवाजात सगळे सांगितले, आणि तो म्हणाला, 'तुम्ही दगड आहात काय?' तो चुकला नव्हता. आत जो आवाज औषधाचे काम करत होता तो बाहेर आणताना बदलायला हवा होता, आणि तो बदलायचे भान मला राहिले नाही. घरी जाऊन मी अर्धा तास गाडीतच बसून राहिले.

म्हणून महालकरकाकांचे अर्धे म्हणणे मला पटते : स्थिर हात ही सेवा आहे. पण तो हात काम करत असतो तोपर्यंतच. काम थांबले आणि फक्त स्थिरपणा उरला तर त्याचे रोगनिदान वेगळे आहे.

जाता जाता एक नोंद. ग्रीक स्टोइक विचारवंत 'अपाथेइया' नावाच्या अवस्थेला फार मान देत असत. विकारांच्या तडाख्यातून सुटलेले मन असा त्यांचा अर्थ होता. त्यावरूनच आलेला इंग्रजीतला 'ॲपथी' हा शब्द आज निव्वळ अनास्थेसाठी वापरला जातो. म्हणजे उपेक्षेचे जे झाले ते तिकडेही झाले. शांतपणाचे शब्द सगळीकडेच एका ठराविक दिशेने कुजतात असे दिसते, आणि त्या दिशेचा विचार करायला हवा.

पाली_वाचक_इंदोरा

ती दिशा मी सांगतो. शब्द वापरणारा वरच्या पायरीवर असतो आणि ऐकणारा खालच्या, म्हणून तो कुजतो.

'शांत राहा' हे वाक्य आमच्या घरात तीन पिढ्यांनी ऐकले. आजोबांनी ते विहिरीवर ऐकले, वडिलांनी कचेरीत ऐकले, आणि मी भाड्याने खोली शोधताना आडनाव सांगितल्यावर ऐकले. सांगणारा दर वेळी अत्यंत शांत होता. त्याला शांत राहायला काहीच अडचण नव्हती, कारण पाणी, कचेरी आणि खोली तिन्ही त्याच्या ताब्यात होती. गीतेच्या पाचव्या अध्यायात विद्याविनयसंपन्न ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि श्वपाक, म्हणजे अस्पृश्य मानला गेलेला माणूस, या सर्वांकडे पंडित समदृष्टीने पाहतात असा श्लोक आहे. तो शतकानुशतके म्हटला गेला. तरीही २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. श्लोक म्हणणाऱ्यांचे मन समतोल असेल; तळे समतोल नव्हते.

म्हणून आमच्याकडे 'समता' हा शब्द उच्चारला की डोळे मिटलेला माणूस दिसत नाही. १९२८ साली बाबासाहेबांच्या चळवळीतून निघालेल्या पत्राचे नाव 'समता' होते, आणि ते ध्यानासाठी काढलेले नव्हते. एका शब्दाच्या पोटात हे दोन अर्थ आहेत. मनातली समता मागणाऱ्याने बाहेरच्या समतेचा हिशोब आधी दाखवावा, मग पुराच्या पाण्यात उभ्या असलेल्या बाईला उपदेश करावा.

मैत्रेयी_धरमपेठ

'पाली_वाचक' यांनी माझ्यावर प्राध्यापकांच्या जातकुळीचा जो आरोप केला तो मला लागला. दोन दिवस मी तो मनात घोळवला, आणि त्याचे उत्तर सापडले नाही. मी एम.ए.च्या वर्गाला साहित्यशास्त्र शिकवताना शांत रसावर चार तास बोलत असे. भरताच्या आठ रसांत हा नववा कसा आला, अभिनवगुप्ताने त्याची बाजू कशी मांडली, हे सगळे सांगत असे. दीक्षाभूमी माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, आणि बारावी प्रतिज्ञा काय आहे हे मला या धाग्यावर कळले. हे लिहिताना मला बरे वाटत नाही. लिहिते आहे.

मात्र त्यांचा शेवटचा मुद्दा मी पूर्ण स्वीकारणार नाही. बाहेरचा हिशोब पुरा होईपर्यंत आतल्या समत्वाची मागणी थांबवायची म्हटले तर ज्यांनी ते हिशोब मागितले त्यांनी कशाच्या बळावर मागितले? महाडला जमलेल्या लोकांवर नंतर हल्ला झाला, त्यांना मार पडला, आणि तरीही बाबासाहेबांनी उलट हात उचलू दिला नाही. तिथे संयम होता, आणि तो वरच्या पायरीवरून कोणी सांगितलेला नव्हता. ज्याने स्वतःला सांगितले त्याचा तो गुण. दुसऱ्याला सांगितला की तो हुकूम होतो. माझ्या पहिल्या लेखनात हा फरक नव्हता, आणि तो मला अंबाझरीच्या ताईंमुळे दिसला.

'उपेक्षा' मराठीत परत येणार नाही या महालकरांच्या मताशी मी नाइलाजाने सहमत आहे. 'तटस्थता' मात्र मी घेणार नाही, आणि त्या ताईंनी लिहिलेल्या वाक्यानंतर त्यांनीही ती मागे घ्यावी. मला विचाराल तर गीतेच्या सहाव्या अध्यायातला वारा नसलेल्या जागीचा दिवा या साऱ्यासाठी पुरेसा आहे. तो हलत नाही, पण जळत असतो, आणि हात जवळ नेला तर भाजतो. ज्ञानेश्वरांनी समत्वाचा अर्थ करताना चित्ताचे समत्व म्हणजे जिथे मन आणि बुद्धी यांचे ऐक्य असते ती जागा, असे म्हटले आहे. मन काढून टाकून नुसती बुद्धी उरवली तर ऐक्य कोणाचे कोणाशी होणार? डबे तरंगत असताना चष्मा आठवणे हे मला त्या ऐक्यासारखे दिसते, आणि आत्याच्या ओल्या पदरातही तेच होते.

'शांतमन', मी आपल्याला कोडगे म्हटले तो शब्द मागे घेते. मुलाची गोष्ट मला माहीत नव्हती. मख्खपणाबद्दल मात्र माझे मत कायम आहे.

वारकरी_नातू

एकनाथ महाराजांच्या अंगावर पुन्हा पुन्हा थुंकणाऱ्या माणसाची आणि प्रत्येक वेळी गोदावरीत पुन्हा स्नान करून येणाऱ्या नाथांची गोष्ट इथे कोणीच कशी सांगितली नाही? शांती म्हटले की आमच्या फडावर पहिले नाव तेच येते. आणि 'शांतमन' यांच्यासाठी सांगतो, त्याच नाथांनी रामेश्वराला न्यायची कावड वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात रिकामी केली, आणि वाळवंटात चटके बसणाऱ्या महाराच्या पोराला उचलून कडेवर घेतले, अशाही गोष्टी कीर्तनात त्याच दमात सांगतात. थुंकीने न हलणारा माणूस गाढवाच्या तहानेने हलला. माझे आजोबा म्हणत, स्वतःसाठी दगड हो, दुसऱ्यासाठी पाणी हो.

पाली_वाचक_इंदोरा

आजोबांचे वाक्य सुंदर आहे. ते पोर कडेवर घेतल्यानंतर त्याच्या वस्तीचे काय झाले हे मात्र कीर्तनात सांगत नाहीत. तरी मैत्रेयीताईंचे म्हणणे मी ऐकले. महाडच्या संयमाबद्दल त्यांनी जे लिहिले ते बरोबर आहे, आणि ते मीच लिहायला हवे होते.

शांतमन

मी तीन दिवस काही लिहिले नाही, कारण 'पाली_वाचक' यांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. बाहेरून दोन्ही सारखे दिसतात असे ते म्हणाले. मला तर आतूनही सारखे दिसतात. म्हणून मी पत्नीला विचारले. ती पोळ्या करत होती. हातातले लाटणे थांबवून थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, 'तुम्ही ओरडत नाही, हे फार बरे झाले. पण आजकाल तुम्ही विचारतही नाही.'

मी विचारले, काय विचारत नाही. ती म्हणाली, मुलाचे गणिताचे पेपर तीन आठवड्यांपूर्वी झाले, निकाल लागला, तो नापास झाला, आणि तुम्हाला अजून माहीत नाही.

मी साधना सोडणार नाही. ज्यांनी कधी स्वतःच्या मुलाच्या कानाजवळचा वळ पाहिला नाही त्यांनी मला ती सोडायला सांगू नये. परंतु सहा शब्द एकच आहेत हे विधान मी मागे घेतो, आणि पुराबद्दलचे वाक्यही. ते वाक्य मी पुराचे पाणी न पाहता लिहिले होते; माझे घर उंचावर आहे. अंबाझरीच्या ताईंची क्षमा मागतो. शेजाऱ्यांकडे आज पुन्हा जाऊन आलो. तेराव्यानंतर त्या घरात कोणी येत नाही, असे ते म्हणाले.

जुना_महालकर

शब्दाचा अर्थ लोक ठरवतात या माझ्या मतात बदल झालेला नाही, आणि लोकांनी उद्या 'तटस्थ' हा शब्द अंबाझरीच्या ताईंच्या अर्थाने वापरायला सुरुवात केली तर माझ्याच नियमाने मला तो मान्य करावा लागेल. एवढे लिहून मी वाद थांबवतो.

ताई, पंचनाम्यातल्या पाण्याच्या उंचीची दुरुस्ती तोंडी मागून होत नाही. लेखी अर्ज, त्याची पोच, शेजाऱ्यांची दोन निवेदने, आणि भिंतीवरच्या खुणेची तारीख असलेली छायाचित्रे लागतात. आणि अर्जात 'कृपया' एकदाच लिहायचे असते. आपल्याजवळची कागदपत्रे इथे खासगी संदेशाने पाठवा. मसुदा मी करून देतो.

अंबाझरी_काठ

भिंतीवरची खूण अजून आहे, काका. रंग द्यायचा होता, पण मीच देऊ दिला नाही. छायाचित्रे आज रात्री पाठवते.